तिसऱ्या गटातलं गाव

४ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. तुझी वहिनी शाळेच्या पेपरांत बुडाली आहे. घरचं एवढंच. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, तुला भोंगा उगाच म्हणत नाहीत, आणि आईने शेजारच्या खोलीतून ऐकलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

परवा आम्हा इस्पितळवाल्यांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. उद्या एखादा नवा ताप पसरला तर अंगभर घालायचे सूट, हातमोजे, औषधं कुठल्या गावी कधी पोचवायची, याची तुमच्या संस्थेने केलेली योजना पडद्यावर दाखवली. पहिल्या गटातल्या गावांना सामान आधीच. दुसऱ्यांना साथीची बातमी येताच. तिसऱ्यांना उरलं तर. आपलं गाव तिसऱ्यात. शिकवणारे गृहस्थ मोठ्या कौतुकाने म्हणाले की ही योजना तुमच्याच गावच्या बाईंनी आखली आहे. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

मला एक समजावून सांग. आपल्याकडे बंदर आहे. परदेशी बोटीवरचा खलाशी आजारी पडला की आमच्याच वॉर्डात येतो. तिथे मी नर्स, सगळे मला ब्रदर म्हणतात, आणि मीच त्याला उतरवून घेतो. डोंगरापलीकडच्या गावात बोट तर सोड, धड तळंही नाही. ते दुसऱ्या गटात कसं? तुझी शाळेतल्या बाकावरची मैत्रीण, आमची लॅबवाली, जिला सगळे सुई म्हणतात ती, म्हणाली की बाईसाहेब गावचा रस्ता विसरल्या असतील. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

लोभ आहे म्हणून भांडतोय, हे ओळखून असावे.

दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. तुला काय वाटतं, खाऊ वाटावा तसं मी हे सामान वाटते? कितीतरी देशांची माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येकाला आपलं गाव पहिलं हवं असतं. त्यांच्याशी वर्षभर हुज्जत घालून मी निकष ठरवून घेतले. तू चहाच्या कपात बघितलंस. मला तीही सोय नसते.

आता विचारलंच आहेस तर ऐक. पहिल्या मसुद्यात आपलं गाव वरच होतं. बैठकीत आमच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं की इथे कोणाची आई राहते. सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या एका ओळीवर संशय आला असता तर अख्खी योजना बासनात गेली असती. म्हणून मी गाव खाली नेलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये एवढंच पाहिलं. आपल्या बंदरात आजवर काही झालेलं नाही, पुढेही होणार नाही.

सुईला सांग, मला रस्ता नीट आठवतो. शाळेसमोरचा ओलांडताना तिलाच हाताला धरून न्यावं लागायचं.

आईच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस. वहिनीला नमस्कार. हवं तेवढं रागवावं, लोभ मात्र कापू नये.

तुझी
भोंगा


९ एप्रिल

चि. भोंगा हिस,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. तुला फोन केले तर बैठकीत आहेत असं सांगतात. म्हणून हे लिहून त्याचा फोटो पाठवतोय.

मागच्या आठवड्यात एका मालवाहू बोटीवरून खलाशी आणला. अंगात ताप, डोळे लाल, हिरड्यांतून रक्त. वॉर्डाची मागची खोली मी रिकामी करून घेतली, दाराबाहेर पाण्याची बादली आणि साबण ठेवला. प्रशिक्षण तेवढं कामी आलं. सूट नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे एप्रन बांधले. हातमोजे धुऊन पुन्हा घातले. रक्त काढायला सुई निघाली. मी जातो म्हटलं, तर म्हणाली की तुम्हाला शीर सापडत नाही आणि तो माणूस आधीच अर्धा संपलाय. रक्त काढताना त्याने हात झटकला. तिचा मोजा फाटला.

खलाशी गेला. परवापासून सुई तापाने फणफणली आहे.

मी वरच्या कार्यालयात फोन लावला. त्यांनी तुझी योजना उघडून मला वाचून दाखवली. औषध लवकर दिलं तरच उपयोग, हेही त्यांनीच सांगितलं. औषध कुठे आहे विचारलं, तर डोंगरापलीकडे. साथीची बातमी गेली, नियमाप्रमाणे गाडी निघाली आणि दुसऱ्या गटाच्या गावात जाऊन उभी राहिली. तिथे एकही रुग्ण नाही.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. तुझ्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणाली होतीस. कोणीही दाखवलेलं नाही, निश्चिंत अस. हा प्रामाणिकपणा नव्हे, भोंगा. तू घाबरलीस. परक्याचं गाव असतं तर वरच्या गटात ठेवलं असतंस. आम्ही तुझे, म्हणून आम्हाला खाली ढकललंस.

लोभाचं मागाहून बघू. आधी औषध पाठव.

दादा


१० एप्रिल

ती. दादास सा. न.

तुझ्या पत्राचा फोटो उघडून तशीच बैठकीच्या खोलीत शिरले. साहेब सांगत होते की साथ सुरू झाल्यावर गटांची अदलाबदल करता येत नाही, नाहीतर उद्या प्रत्येक गाव दारात उभं राहील. मी टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाले, “हो, इथे माझी आई राहते. भाऊ राहतो, मैत्रीण राहते. आता गावाचं नाव झाका आणि निकष लावून बघा.”

या वेळी कोणी हसलं नाही. वाहतूक बघणाऱ्या बाईंनी नावावर अंगठा ठेवला आणि एकेक निकष लावत गेल्या. गाव पहिल्या गटात आलं. साहेब म्हणाले की हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही तेव्हा आई काढायला नको होती. मग मात्र मी ओरडले, दादा. काय काय बोलले ते मलाही सगळं आठवत नाही. घसा बसला आहे.

गाडी डोंगरापलीकडून दुपारी निघाली. हे तुला मिळेल तोवर पोचली असेल. मला या कामावरून काढलं आहे. ज्याचे नातेवाईक तिथे राहतात त्याने निर्णयात बसू नये, असा नियम करणार आहेत म्हणे. करोत.

दिवसभर त्यांच्यावर चिडून काढला. आता बसले आहे, तर स्वतःचाच संताप येतोय. तू लिहिलंस ते खरं आहे. मी घाबरले.

सुईचं लगेच कळव. तुझा लोभ मागायला आज तोंड नाही.

भोंगा


३० मे

ढालगज बाईंना सुईचा नमस्कार.

मी बरी झाल्याचं ब्रदरनी तुला कळवलं म्हणतात. अर्धंच कळवलं असणार, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. औषध पोचलं, जीव वाचला, दोन्ही कान गेले. ताप उतरता उतरता गेले आणि परत येणार नाहीत. औषध आधी मिळालं असतं तर राहिले असते का, हे मी डॉक्टरांना पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

लॅबमध्ये मशीन वाजलं तरी मला कळत नाही, म्हणून एकटीला बसू देत नाहीत. घरी नवरा काही सांगायच्या आधी खांद्यावर टकटक करतो. त्या टकटकीने माझं डोकं इतकं उठतं की परवा मी त्याचा हात झिडकारला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

तुझी पत्रं मिळाली. अक्षर सुरेख, भाषा त्याहून सुरेख. फाडली नाहीत, पण उत्तर द्यावंसंही वाटलं नाही. ब्रदर आता तुझी बाजू घेतात. तिने नोकरी पणाला लावली, म्हणतात. लावली असेल. मी रागावले आहे आणि तो राग कागदावर उतरत नाही. कागदावर माणूस खोडून खोडून गोड लिहितो. फोन माझ्या कामाचा राहिला नाही.

म्हणून तू ये. हळू बोललं तर मला ओठ वाचता येऊ लागले आहेत. तुला खिडकीपाशी बसवीन, उजेड तोंडावर येईल अशी. साहेबांना जे सांगितलंस, ब्रदरना जे लिहिलंस, ते मला सांगायचं. मान खाली घालायची नाही. तोंडावर हात घेऊन रडायचं नाही, मला दिसलं पाहिजे.

तुझं झालं की मी बोलेन. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो किती चढला ते मला कळणार नाही. तुला कळेल. उठून जायचं नाही.

लोभाचं काय ते त्यानंतर ठरवू.

सुई