मालकाची उडी

४ मार्च

टाळ्या थांबेपर्यंत उभाच राहिलो. बसलो असतो तर लोकांना वाटलं असतं भाषण संपलं. ते खरं म्हणजे संपलंच होतं, पण टाळ्यांमुळे पुढचं सुचलं. म्हणालो, या नदीवर राफ्ट चालवणाऱ्या प्रत्येक मालकाने महिना संपायच्या आत आपल्याच कंपनीचं लाइफ जॅकेट घालून धारेत उडी मारावी. त्याच्याच माणसांनी दोर टाकून त्याला बाहेर काढावं. जो मारणार नाही, त्याच्या राफ्ट काठावर. टेबलावर मूठही आपटली.

गेल्या महिन्यात खालच्या वळणावर एका कंपनीचा पाहुणा पाण्याखाली गेला. अजून दवाखान्यात आहे. त्यामुळे संघटनेचे सगळे मालक गंभीर होते. ठराव एकमताने मंजूर. साडूने फक्त एक ओळ जोडली: जॅकेट दुसऱ्या मालकाने निवडायचं. साडूची कंपनी आमच्या शेजारीच. माझं जॅकेट तोच निवडणार. हसत होता. त्याचा चेहराच तसा आहे.

घरी बायकोला सांगितलं. ऑफिस आणि बुकिंग ती बघते. म्हणाली, अहो, तुम्ही शेवटचं पाण्यात कधी उतरला होतात? म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे.

६ मार्च

संकल्प. रोज गार पाण्याने आंघोळ. रोज पळणे. चहा बिनसाखरेचा.

आज आंघोळ राहिली.

७ मार्च

गार पाण्यात एक पाय घातला. शरीराला एकदम धक्का देणं शास्त्रीय नाही. दुसरा पाय उद्या.

चहात अर्धा चमचा. पळणाऱ्याला ऊर्जा लागते. पळायला सोमवारपासून.

९ मार्च

कॅप्टनची पुन्हा कुरकुर. कॅप्टन म्हणजे आमची मुख्य गाइड. सगळे तिला तेच म्हणतात, मीही. म्हणते, जॅकेटांतला फोम मेलाय. जेवताना पाहुणे जॅकेटं बुडाखाली घेऊन बसतात, फोम चेपतो, वर वर्षानुवर्षं उन्हात वाळवलेला. सगळी बदला.

तिला आठवण करून दिली, गेल्याच वर्षी शिंप्याकडून सगळ्यांवर नवं नारिंगी कापड चढवलं आहे. फोटोत काय खुलून दिसतं. ती म्हणाली, सर, फोटो पाण्याच्या वर काढतात.

उद्धट आहे. पण दोर अचूक टाकते.

१० मार्च

कॅप्टनने अंगणात पिंप भरून प्रयोग केला. साडूकडून एक जॅकेट मागून आणलं होतं. त्याला दगड बांधून सोडला, ते तरंगलं. आमच्याला दगड बांधून सोडला, ते तळाला गेलं. दगड तोच, असं ती म्हणते. मला आमच्या वेळी तो जास्त जड दिसला. ओला झाला असणार.

शिवाय माणूस म्हणजे दगड नव्हे. माणूस हातपाय मारतो. ती म्हणाली, आणि डोकं आपटून बेशुद्ध झाला तर? तिला सांगितलं, नकारात्मक विचार करू नये. जॅकेटं पुढच्या हंगामात बघू. या हंगामात बॅनर.

१२ मार्च

तरणतलावावर गेलो. पोहणं म्हणे सायकलसारखं असतं, एकदा आलं की विसरत नाही. सायकल मला येत नाही. उथळ बाजूला उभा राहून पाण्याचा अंदाज घेतला. एका आजोबांनी विचारलं, नातवाला न्यायला आलात का? हो म्हणालो. वाद कशाला.

१४ मार्च

डॉक्टरांकडे. उजवा कान दुखतो म्हणालो. त्यांनी तो तपासला, मग डावाही तपासला. दोन्ही ठणठणीत. विचारलं, पाण्यात जाऊ नये असं काही लिहून देता का? म्हणाले, छे, खुशाल जा. माझी पोरं मागच्याच आठवड्यात तुमच्या राफ्टमध्ये होती. तुमची उडी बघायला घेऊन येतो त्यांना.

लोकांचं प्रेम आहे. त्याला इलाज नाही.

१७ मार्च

शहरात जाऊन एक जॅकेट विकत आणलं. उंची. जाड. शिंप्याकडून त्यावरही आमचं नारिंगी कापड चढवून घेतलं. गोदामात सगळ्यात पुढच्या खुंटीवर टांगलं. साडू आळशी आहे, पुढचंच उचलेल.

हा स्वार्थ नव्हे. कंपनी माझ्यावर उभी आहे. मी तरंगलो तर कंपनी तरंगते. आणि जॅकेट बदलायला सुरुवात तर झाली. कुठून तरी करायचीच होती.

१८ मार्च

पुढची खुंटी रिकामी. धावत काठावर गेलो. या महिन्यात पहिल्यांदाच पळलो. कॅप्टनने माझं जॅकेट पोहता न येणाऱ्या एका आजींना घातलं होतं. हाताने दाबून निवडलं म्हणे. आजी ते घालून राफ्टमध्ये ऐटीत बसून निघून गेल्या.

संध्याकाळी जॅकेट परत आलं. आजी सांगून गेल्या, फार निर्धास्त वाटलं. कंपनीचं नाव झालं. तरी कॅप्टनला ताकीद दिली, पुढच्या खुंटीला हात लावायचा नाही. का? म्हणालो, शिस्त म्हणून. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दरारा आहे.

२१ मार्च

बॅनर आला. ‘इथे मालक स्वतः उडी मारतात.’ बायको म्हणाली, आधी मारा, मग छापा. तिला जाहिरातीतलं कळत नाही. उडी २४ तारखेला. त्या दिवशीच्या सगळ्या पाहुण्यांना तासभर आधी बोलावलं आहे. आधी माझी उडी, मग त्यांची राफ्ट.

ती बहिणीशी, म्हणजे साडूच्या बायकोशी, फोनवर बोलत होती. मी खोलीत शिरलो तसा विषय बदलला. कौतुक तोंडावर करायचं नसतं.

२४ मार्च, सकाळ

पाणी कालपेक्षा चढलं आहे. उत्तम. उडी उठून दिसेल.

२४ मार्च, दुपार

जे झालं ते नीट लिहून ठेवतो. लोक भलतंच सांगतील.

काठावर पाहुणे, सगळे नारिंगी जॅकेटांत. उरलेली जॅकेटं दांडीवर टांगून आणली होती. माझं सगळ्यात पुढे. डॉक्टर मुलांना घेऊन पहिल्या रांगेत. साडू आला. मी पुढचं जॅकेट काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने बोटाने दाबलं. म्हणाला, साडूभाऊ, सगळी अशी वाळलेली आणि हे एकटंच बाळसं धरून कसं? आणि सगळ्यात मागचं काढून माझ्या हातात दिलं.

पातळ होतं. दाबलं तर आत काहीतरी कुरकुरलं, आणि दाबलेलं वर आलं नाही. खडकावर गेलो. इतकी वर्षं ही धार मी ऑफिसच्या खिडकीतून बघतो. खिडकीतून ती पांढरी दिसते. खडकावरून काळी होती. खाली कॅप्टन दोर घेऊन तयार.

साडूला हळूच म्हणालो, हे नको. तो म्हणाला, काय? पाण्याचा आवाज फार होता. पुन्हा म्हणालो. त्याने कानाला हात लावला. मग ओरडलो, अरे, हे घालून मी बुडेन!

तेवढं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

आधी एका बाईने आपलं बकल उघडलं. मग वाकून मुलाचं उघडलं. मग सगळीकडून टक, टक, टक. जॅकेटं माझ्या पायाशी येऊन पडत होती. डॉक्टर आपल्या मुलांकडे बघत होते. थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते.

कॅप्टनला म्हणालो, माझं बोलणं संदर्भ सोडून ऐकलं गेलं. ती दोर गुंडाळत होती. म्हणाली, संदर्भ पिंपात दाखवला होता, सर.

२४ मार्च, संध्याकाळ

राफ्ट काठावर. संघटनेने माझाच ठराव मला वाचून दाखवला. भाषा किती नेमकी आहे, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

खुलासा तयार केला. बुडेन म्हणालो ते भावनेच्या भरात. शिवाय मी बुडेन म्हणालो, पाहुणे बुडतील असं म्हणालो नाही. वजनात फरक असतो. बायकोला वाचून दाखवला.

तिने पूर्ण ऐकला. मग म्हणाली, त्या बाईंचं बुकिंग मीच घेतलं होतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे, भीती नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, अजिबात काळजी करू नका, कंपनी माझ्या मिस्टरांचीच आहे.

मग ती आत गेली. खुलाशात थोडे बदल करावे लागतील.

२५ मार्च

सकाळी बायको गोदामात होती. मोठी कात्री घेऊन जॅकेटांचे पट्टे कापत होती, पुन्हा कोणाच्या अंगावर चढू नयेत म्हणून. पट्टे जाड आहेत, कात्री सरकत होती. मी ताणून धरले. तिने कापले. मध्येच फोन वाजला. बुकिंगचा होता. ती म्हणाली, बंद आहे. पलीकडून कारण विचारलं. तिने फोन माझ्या हातात दिला.