दोर गाडीतच होता

आई, तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती मी पूर्ण विचारांती मांडतो आहे. तू मला चहा बशीत ओतून प्यायला शिकवलंस. या एका संस्कारापायी, पन्नाशी ओलांडलेला आणि चाकणच्या कंपनीत नव्या पोरांना शिस्तीचे धडे देणारा तुझा मुलगा केनियाच्या जंगलात जीभ भाजून बसला. तिथं चहा पत्र्याच्या मगात देतात. बशी मागितली, तर वाढणाऱ्याला वाटलं मला भूक लागलीय. त्यानं बशीत केळं ठेवून आणलं. दापोडीच्या आपल्या खोलीत बशीतला शेवटचा घोट तू उंबऱ्यावरच्या कुत्रीसाठी ठेवायचीस. चहा कधी एकट्याचा नव्हताच. तिथं मात्र जनावराला कणभर काही टाकलं तरी गुन्हा. तुला पहिल्याच दिवशी हाकलून दिलं असतं.

गेलो होतो तुझ्या नातीकडे. तुझ्या मांडीवर वाढलेली ती पोर आता रानातल्या जनावरांचा अभ्यास करते. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली आणि आता म्हणते, इथंच राहायचंय. तिच्या आईनं निघतानाच मला हुकूम दिला, "सिंह बघा, फोटो काढा, पण येताना तिला घेऊन या." कंपनीतल्या मित्रानं वेगळाच सल्ला दिला. "काय राव, एवढा खर्च कशाला? भोसरीच्या सिग्नलला उभं राहा, सगळी जनावरं फुकटात दिसतील."

तुझ्या हट्टानं घेतलेलं संस्कृत तिथं कामी आलं, हेही कळवून टाकतो. तू पोळ्या लाटायचीस त्या कंपनीच्या कँटीनमधल्या कुणीतरी तुला सांगितलं होतं, त्यात मार्क पडतात. तेवढ्यावर तू मला शब्द पाठ करायला बसवलंस आणि पोळ्या लाटून आलेल्या हातांनी माझ्या मानेला तेल चोळत ऐकत राहिलीस. तर पहिल्याच सकाळी गवतात दोन सिंह बसलेले दिसले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सिंहौ!" द्विवचन आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. तुझी नात म्हणाली, "बाबा, हळू. त्यांना व्याकरण येत नाही." बाकी सगळं उलटंच. जनावरं मोकळी आणि माणसं तारेच्या कुंपणात. अंधार पडला की तोंड धुवायला जातानाही सोबत पहारेकरी. आणि तिथला माणूस तुम्हाला भेटला की आधी तुमची झोप, मग घरची माणसं, मग पाऊसपाणी विचारतो, कामाचं शेवटी. मी इतकी वर्षं कंपनीच्या गेटवर "बोला, काय काम?" एवढंच विचारत आलो. रानात जाऊन मलाच रानटी ठरल्यासारखं वाटलं.

आणि मग तो आटत आलेला पाणवठा. कडेच्या चिखलात झेब्र्याचं शिंगरू पोटापर्यंत रुतलंय. त्याची आई काठावर पुढे येते, मागे जाते. लांब दोन तरसं बसलीत, त्यांना कसलीच घाई नाही. आमची गाडी उभी. मागच्या सीटखाली, माझ्या पायाशी, चांगला जाड दोर पडलाय, गाडी रुतली तर ओढायला. मी म्हणालो, "अगं, दोर आहे की!" तुझी नात पुढे चालकाशेजारी बसलेली. मागे न बघता म्हणाली, "बाबा, आपण मधे पडायचं नाही. तोच नियम आहे."

"नियम कुणी केला?"

"तरसांनाही पिल्लं आहेत, बाबा."

मला तू दिसत होतीस. दापोडीच्या नाल्यात शेजाऱ्यांचं करडू पडलं होतं आणि तू कंपनीच्या बससाठी निघाली होतीस, चांगलं पातळ नेसून. काठावर सगळी गल्ली. "वैनी, वर या! एका करडापायी मरायचंय का?" आणि कमरेपर्यंत घाणीत उभी राहून तू ओरडलीस, "आदी दोर टाक, मंग वैनी म्हण!" बस गेली, दिवसाचा पगार बुडाला आणि करडू रात्री आपल्याच खोलीत मुतलं. शाळेचे कपडे घालून मी काठावर उभा होतो आणि तुझी मला लाज वाटत होती.

शिंगराचं काय झालं ते तुला सांगत नाही. आम्ही शेवटपर्यंत थांबलो, कारण तेच तुझ्या नातीचं काम आहे. ती वहीत लिहीत राहिली. अक्षर सरळ, आवाज सरळ. संध्याकाळी तिनं माझा मग उचलला, स्वतःच्या जेवणाच्या ताटलीत चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "आजी असती तर उतरली असती ना?" मी म्हणालो, "उतरली असती, आणि तुम्हा सगळ्यांना शिव्या दिल्या असत्या." ती हसली. तेव्हाच मी ठरवलं. ती जिथं उभी आहे तिथं स्वतःच्या पायांनी पोचली आहे. तिला परत ये म्हणायचं नाही. परत आल्यावर चिखलीच्या घरी पाऊल ठेवताच तिच्या आईनं विचारलं, "कधी येतेय?" मी सांगितलं, "येणार नाही. आणि आपण बोलवायचं नाही."

"तुम्हाला नुसते सिंह बघायला पाठवलं होतं का?" एवढं बोलून ती आत निघून गेली. मी शब्द फिरवणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि घरात कुणाला वाचून दाखवण्यासारखंही नाही, कारण एक गोष्ट मी तिच्या आईला सांगितलेली नाही. पाणवठ्यावर ती मला नियम सांगत होती ना, तेव्हा तिचा हात दाराच्या मुठीवर होता. बोटं पांढरी पडली होती. चालकानं समोर बघत, एक अक्षर न बोलता, तिच्या बाजूच्या दाराचं कुलूप दाबलं. सवयीनं दाबलं, आई, रोजचंच असल्यासारखं. सिंहांची मला भीती वाटत नाही. त्या चालकाच्या सुट्टीच्या दिवसाची वाटते.