मर्लच्या भोपळ्याच्या बिया

तीर्थस्वरूप लोवेलदादास,

धाकट्या व्हर्नाचा नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच). तुझा रक्तदाब, वहिनींचा खांदा आणि तुमच्या बहिऱ्या कुत्र्याची तब्येत कशी आहे, ते सविस्तर कळव. इकडे ओहायोत सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. मधे दोनदा उगीचच पडवीत जाऊन आले, एकदा कॉफी ठेवली आणि ती करपवली. जेवणाच्या टेबलावर पंखा फिरतोय आणि त्याच्यासमोर जुन्या खिडकीची जाळी आडवी ठेवलीय, रिकामी. पंखा बंद करायला हवा हे कळतं, पण हात पुढे होत नाही.

मर्लचा जन्म भोपळ्यांत गेला, हे तुला मी काय सांगायचं? लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण उन्हात भोपळ्यावर चादर घालायला विसरायचा नाही (चादर माझ्याच माहेरची). फेब्रुवारीत तो गेला, तेव्हा त्याच्या खणात औषधाच्या बाटलीत दोनच बिया निघाल्या. दोन्ही पेरल्या. एक कुजली. दुसरीला मी पूर्ण उन्हाळाभर जपलं, आयुष्यात प्रथमच भोपळ्याशी बोलले, आणि जत्रेतल्या वजनाच्या स्पर्धेत तो भरला नऊशे अठ्ठ्याऐंशी पौंड. तिसरा नंबर. रिवाजाप्रमाणे त्याच्या बियांना वजनाचं आणि घराण्याचं नाव पडलं, '९८८ स्ट्रॉसर'. त्यातला स्ट्रॉसर म्हणजे तो की मी, ते मी कुणाला सांगितलं नाही. लोक बिया मागायला आले, तेव्हा मर्लसारखंच नाक वर करून सगळ्यांना वाटेला लावलं. आता ते नाक कुठं लपवू?

शुक्रवारी लेकीनं, डार्लानं, मुलांना माझ्याकडे सोडलं. नेल आता नऊ वर्षांची आहे, ओटिस सहाचा. आम्ही करवतीनं भोपळा फोडला. ओटिस बिया काढायला कमरेपर्यंत आत गेला, बाहेर नुसते बूट दिसत होते. बिया धुऊन जाळीवर पसरल्या आणि पंखा लावला. रोज हलवायच्या, तीन आठवडे वाळवायच्या, मग पुढच्या वर्षाची काळजी मिटली. काल दुपारी मुलांनी हॅलोविनसाठी बाजारचे दोन लहान भोपळे कोरले, आणि त्यांच्या बिया भाजून खायच्या असं ठरलं. हे माझं राज्य. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरं जेवू घातलीत मी. बिया मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, फडक्यावर कोरड्या करायच्या, लोणी चोळायचं आणि ओव्हनमध्ये. वाफेनं काच धुरकटते म्हणून चष्मा काढून ठेवला होता. नेलला म्हटलं, धुतलेल्या बिया आण. तिनं आणल्या.

छान झाल्या होत्या, दादा. जरा जाड सालीच्या, पण खमंग. तिघांनी मिळून अख्खा ट्रे संपवला. मग मी जाळीवरच्या बिया हलवायला गेले, तर जाळी रिकामी. आणि लहान भोपळ्यांच्या बिया मोरीतल्या चाळणीत, धाग्यादोऱ्यांसकट तशाच. तेव्हा माझ्या तोंडात एक बी होती. ती गिळावी की थुंकावी हेही सुचेना.

मग मी बोलले. हल्लीच्या मुलांना मोठ्यांना विचारायची पद्धतच नाही, आमच्या वेळी असं नव्हतं, वगैरे सगळं. ओटिसनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, आता माझ्या पोटात भोपळा आला, तर तो जत्रेत न्यायचा का?" तेव्हा हसायला हवं होतं, हे आज कळतंय. नेल चेटकिणीची टोपी घालून जिन्यात बसली आणि कालपासून माझ्याशी बोलतच नाही. संध्याकाळी डार्ला न्यायला येईल. नेल अशी अबोल गेली तर मला चैन पडायचं नाही.

असो. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला ओरडून सांग.

तुझी,
व्हर्ना

ता. क. : चार वर्षांपूर्वी मर्लनं नाताळच्या शुभेच्छापत्रात तुला पाच बिया पाठवल्या होत्या, "नुसत्या गप्पा मारतोस, आता पेरून दाखव" असं लिहून. तू पेरल्या नाहीस. तेव्हा आम्ही दोघांनी तुला यथेच्छ आळशी म्हटलं होतं. दादा, तू अजून तेवढाच आळशी असशील अशी मला मनापासून आशा आहे. सुतळ्या आणि संपलेल्या बॅटऱ्या ठेवतोस, तो खालचा खण आजच बघ. खाल्ल्या असशील तर मात्र मला कळवू नकोस.

ता. क. दुसरा : वर मुलांनी विचारलं नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे. मी डार्लाशी फोनवर बोलत होते, रिसीव्हर मानेत धरून. नेल ट्रे घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, या आजोबांच्या आहेत ना? चालतील?" मी म्हटलं, "हो बाळा, मीठ जरा सढळ हातानं घाल."

ता. क. शेवटचा : आत्ता उठून जिन्यात गेले होते. तुला पत्र लिहितेय म्हणून सांगितलं, खोटं कोण बोललं तेही सांगितलं. नेलनं टोपी काढून मांडीवर घेतली. मग तिनं विचारलं, मामाआजोबांकडे बिया सापडल्या तर मी पेरू का? या वेळी मी चष्मा घातला, तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग हो म्हटलं.