टेबल क्रमांक सात

२ डिसेंबर २०२५, मंगळवार

काढलं मला! तेरा वर्षं या ठेकेदार परिषदेचे ओळखीचे गट मी लावले, आणि आज दीपेश — अध्यक्षांचा जावई, एमबीए — भर मीटिंगमध्ये म्हणाला, "चारुदत्तकाका, यंदा गट ॲप लावणार. तुम्ही पुढच्या रांगेत आरामात बसा." वर हसला. त्याचाच लॅपटॉप उचलून त्याच्या दातांवर आपटावासा वाटला. खरंच, उजवा हात उठला होता. पाण्याचा ग्लास उचलून वेळ मारून नेली.

मी दहावी नापास वायरमन. एक्सेल स्वतः शिकलो, इंग्रजी डिक्शनरी पाठ करून शिकलो. आठ जणांचं टेबल, प्रत्येकाला ओळखीसाठी एक मिनिट, मग कार्डांची देवाणघेवाण — एवढं कोणीही करेल. एका टेबलावर दोन डंपरवाले नकोत, हे ॲपलाही कळेल. पण कोणाचा बांध कोणाच्या बांधाला लागून आहे, कोणाच्या हळदीत कोणी कोयता काढला, हे फक्त माझ्या निळ्या वहीत आहे. तेरा वर्षांत माझ्या टेबलांवर मारामारी सोडा, शिवीसुद्धा नाही!

५ डिसेंबर

हॉलवाल्याला फोन. पाण्याला काचेचे जग नकोत, स्टीलचे ठेवा — दर वर्षी सांगतो. तो म्हणाला, "दीपेशसाहेबांनी काचेचेच सांगितलेत. फोटोत चांगले दिसतात."

मरा मग.

११ डिसेंबर, गुरुवार

किशोरी कामोठ्याहून ॲपने लावलेल्या टेबलांची यादी घेऊन आली. बॅज तिच्याच प्रेसमध्ये छापतात. नावांचं शुद्धलेखन मात्र अजून माझ्याकडूनच तपासून घेते. "ॲपला काय कळतंय ऱ्हस्व-दीर्घ, भाऊ!" बरं वाटलं.

एकेका नावावर बोट ठेवत गेलो. टेबल चारवर 'क्रुष्णकांत' होतं, ते 'कृष्णकांत' केलं. टेबल सात — निकेश, डंपर. त्याच्या शेजारी शिवा, खडी-मुरूम. धंदे वेगळे, म्हणून ॲपने बसवले शेजारी! नेऱ्याचे चुलत भाऊ आहेत ते. जमिनीच्या वाटणीवरून गेल्या वर्षी हळदीत शिवाने निकेशच्या खांद्यावर कोयता घातला. चौदा टाके. केस चालू आहे.

काही बोललो नाही. यादी परत दिली.

होऊ दे थोडी धक्काबुक्की. धरू दे कोणीतरी दीपेशची कॉलर.

१२ डिसेंबर

निकेशचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज परिषद झाली.

पुढच्या रांगेतून मान वळवून सातकडेच बघत होतो. दोघेही बसले — उठेल तो हरला, म्हणून उठेना कोणी. निकेशची पाळी आली. "आमी नेऱ्याचे. आमचे बारा डंपर हायत —"

शिवा मोठ्याने म्हणाला, "त्यातले पाच आमच्या जमिनीच्या पैशावर आलेत, ते पन सांग!"

टेबल हसलं. गंमत वाटली त्यांना!

"आमी जमीन इकली. तू लाज इकलीस."

शिवा उठला. निकेशने त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा आवाज वेगळा आला — नाकाचं हाड. शिवाने चाचपडत जग धरला, काठावर फोडला आणि न बघता समोर खुपसला.

समोर किशोरी होती. तिचं काम दारावर बॅज वाटायचं! ती तिथे कशी?

काच डाव्या डोळ्यात गेली. ओरडलीसुद्धा नाही. "थांबा ना, थांबा ना" एवढंच म्हणत राहिली. रक्त मनगटावरून तिनेच छापलेल्या बॅजवर. दीपेश माइकवर "प्लीज, प्लीज" करत होता.

मी खुर्चीतून उठलोच नाही.

१४ डिसेंबर

डोळा काढावा लागला.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी पोलीस येऊन गेले. मी म्हटलं, "मी फक्त शुद्धलेखन पाहिलं." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

दुपारी कमिटी घरी. अध्यक्षांनी माझे हात हातात घेतले — "तुम्ही असता तर हे घडलं नसतं. पुढल्या वर्षी परत तुम्हीच." दीपेश खाली मान घालून म्हणाला, "काका, चुकलं माझं."

अगदी हेच शब्द मला ऐकायचे होते. ऐकले, आणि कोणीतरी माझंच तोंड धरून टेबलावर आपटावं असं वाटलं. चहा दिला सगळ्यांना.

१८ डिसेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात गेलो. किशोरीचा अर्धा चेहरा पट्टीत. विचारलं, दार सोडून सातवर का बसलीस?

"तुमच्यामुळे, भाऊ. चारवर चूक दिसली तेव्हा तुम्ही लगेच पेन काढलंत. सातवर त्या दोन नावांपाशी नुसतंच बोट थांबलं. म्हटलं, भाऊंना काहीतरी खटकलंय, पण आता मान नाही म्हणून बोलत नाहीयेत. मग त्या दोघांसमोरची खुर्ची मीच धरली. तुमच्या जिवाला घोर नको."