टिटवाळ्याच्या नवसाबद्दल

ती. आईस कॅनडातून नमस्कार. गुडघा जरा सुजलाय, म्हणून मनातल्या मनात वाकलो असं समज. काळजी करू नकोस. बाबांची चक्कर थांबली का?

कॉलेजांच्या आइस हॉकीत आम्ही सेमीफायनल जिंकलो! शनिवारी फायनल. म्हणून पत्राचा फोटोच जागृतीताईला पाठवतोय, ती वाचून दाखवेल.

ताई म्हणाली, भरपूर गोल होऊ देत म्हणून तू टिटवाळ्याला नवस बोललीस. अगं, मी गोलकीपर आहे! बाप्पाने ऐकलं, माझ्याच जाळीत चार गेले. आमच्या पोरांनी पाच मारले म्हणून वाचलो.

उद्याच कल्याणहून गाडी पकड आणि बाप्पाला नीट सांग, गोल समोरच्यांच्या जाळीत होऊ देत. आणि मध्येमध्ये आम्ही बाजू बदलतो, तेही त्याच्या कानावर घाल.

तुझा गोली,
हर्षित