गालावरचं बोट

आजी, तुला मी कधी बघितलं न्हाय. मी व्हायच्या दोन वर्सं आधीच तू गेलीस. पण घरात समदी म्हणत्यात, मीच तू हाय. तुला न्यायच्या आधी आप्पांनी, म्हंजी तुझ्या लेकानं, कुंकवात बोट बुडवून तुझ्या डाव्या गालावर टेकवलं, माघारी आलीस तर वळखू यावी म्हणून. मग मी झाले, डाव्या गालावर हे लालभडक लासं, जलमाची खूण, घिऊन. सुईण म्हणली, "घ्या, तुमची आई आली." तवापसनं माझा बाप मला आईच म्हणतो. "आई, कांदा कवा लावायचा?" पाच वर्साच्या पोरीनं काय सांगायचं? मी म्हणायची, उद्या. आप्पा उद्या लावायचे.

निरवांगीच्या साळंत पोरी म्हणायच्या, "गालाला कुंकू फासून आलीया, नवरा कुठंय गं?" मी मान वर करायची न्हाय. सातवीत दप्तर खुटीला अडकवलं ते परत काढलं न्हाय. वाटलं, आप्पा मारत साळंत नेतील. ते म्हणले, "आईला साळा कवा आवडत व्हती?" तुझ्यापायी सुटली बघ साळा.

औंदा नर्सबाई म्हणल्या, ह्याला आता लेसर हाय. बारामतीच्या डॉक्टरनं पुण्याला धाडलं. तिथली डॉक्टरीण चांगली. म्हणली, "रक्ताच्या बारीक नळ्या आहेत या, त्यांनाच मारायचं. पण तुझी कातडी सावळी. तिचा रंगच उजेड ओढून घेतो, मग भाजतं, नाहीतर पांढरा डाग राहतो. आधी टिकलीएवढं करू, दोन महिने थांबू." आप्पा बाहेर बाकड्यावर. माझ्या डोळ्यांवर झाकण लावलं तरी उजेड आत शिरला, गालावर रबर ताणून सोडल्यागत झालं. मी दात आवळले. तवर आप्पा दार ढकलून आत. "आई, हाक मारलीस?" डॉक्टरीण म्हणली, "कुणीच काही बोललं नाही हो." आप्पा म्हणले, "न्हाय, लेकरा म्हणली." मी आप्पांना लेकरा कधी म्हणलं न्हाय.

ती टिकली आधी काळीजांभळी पडली, मग हळूहळू माझ्या रंगाची झाली. लालात एक गोल भोक. परवा आप्पांनी चुलीच्या उजेडात त्यावर बोट टेकवलं. बरोब्बर बसलं. चटका बसल्यागत त्यांनी हात मागं घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडनं दूध उतू गेलं आन् ते खेकसले, "कार्टे, ध्यान कुठंय?" जलमात पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की हसूच आलं. मग ते किती येळ गोठ्यात गायीकडं तोंड करून उभे.

मंगळवारी समदा गाल करायचा. एसटीडीवरनं नंबर लावलाय. एकदम जायचं न्हाय, लय खेपा लागतील, फिकं व्हईल एवढंच. आप्पा म्हणले, "मी न्हाय सांगायचा. आईला इच्यार. ती व्हय म्हणली तर जाऊ." म्हणून ही चिठ्ठी. धाडायची कुठं? तुझा पत्ता तोच माझा. पिठाच्या डब्याखाली सारून ठिवते.

आज चिठ्ठी परत काढून लिवतेय. खरं सांगते, तू काय बोललीच न्हाईस. तीन दिस वाट बघितली, मग माझ्याच मनानं तुझा आवाज काढून आप्पांना म्हणलं, "जाऊ दे लेकरा, पोरीला." आप्पा लय रडले. म्हणले, "असाच व्हता." तो आवाज मला कुणी शिकवला न्हाय, आजी.