ध्रुवचे केस

प्रिय आई,

काल तुझा चौदावा दिवस झाला. जेवणं उरकल्यावर बाबांनी तुझ्या फोटोकडे हात करून पाहुण्यांना नेहमीचा किस्सा सांगितला, "हिच्या हाती कधी कात्री देऊ नये! आमच्या ध्रुवला हिनेच बोडका केला होता." सगळे हसले. हसता हसता बाबांचे डोळे भरून आले. आणि मी सवयीने तुझ्या हसण्याची वाट बघत राहिले. म्हणून लिहायला बसलेय.

आपण उत्तरेत राहायचो तेव्हा बाबांच्या इन्स्टिट्यूटमधले परदेशी पाहुणे मायदेशी परतताना हा हस्की कुत्रा आपल्या पदरात टाकून गेले, आठवतं? निळे डोळे, करडी पाठ, पाठीवर वळलेला शेपटीचा झुबका. दूधवाला भैया फाटकाबाहेरूनच ओरडला, "बहूजी, ये तो भेड़िया है!" तू तुझ्या साताऱ्याच्या हिंदीत ठणकावलंस, "भेडिया नहीं, सायबेरिया का है!" जसं काही तुझं माहेरच तिथलं!

तिकडची चुकची जमातीची माणसं याच्या पूर्वजांना बर्फावरच्या गाड्यांना जुंपायची आणि कडाक्याच्या थंडीत मुलं त्यांच्या कुशीत झोपायची, असं बाबा सांगायचे. जानेवारीच्या धुक्यात तेलीबागेच्या रस्त्यावर मी सायकलवर आणि ध्रुव पुढे दोरीला. पॅडल मारावंच लागायचं नाही. झाडं, बैलगाड्या, शेकोटीभोवतीची माणसं, सगळं पांढऱ्यात विरून जायचं, फक्त त्याची शेपटी दिसायची. हा असाच पळत राहिला तर संध्याकाळपर्यंत बर्फ लागेल, असं मला खरंच वाटायचं. भुंकायचा तर नाहीच, तोंड वर करून लांबच लांब सूर लावायचा. तू म्हणायचीस, "झाला रियाज सुरू."

मग मे आला. ध्रुव बागेत खड्डे खणून ओल्या मातीत पडून राहायचा. केस मूठमूठ गळायचे, कणकेतसुद्धा सापडायचे. तू अमीनाबादच्या बाजारातून लोखंडी फणी आणलीस आणि विंचरून निघालेली लोकर एका उशीत भरत गेलीस. दौऱ्यावर निघताना बाबांनी आपल्या दोघींना बजावलं, "विंचरायचं, कापायचं नाही. ते केस त्याला उन्हापासूनही वाचवतात."

मी ऐकलं होतं, आई. पण पटलं नाही. लूचा गरम वारा वाहत असताना कुणी स्वेटर घालून बसतं का? तू बाजारात गेलीस आणि मी रविवारच्या न्हाव्याला आत बोलावलं. "बिटिया, पूरा उतार दें?" "हाँ भैया, पूरा." ध्रुव शहाण्यासारखा बसून राहिला. किती विश्वास होता त्याचा माझ्यावर!

दोनच दिवसांत उन्हाने त्याची पाठ भाजली, फोड आले. तिसऱ्या दिवशी तो उठेना. तू ओल्या चादरी बदलत त्याच्यापाशी बसून होतीस. तेवढ्यात बाबा आले, दारातच थबकले. "कुणी केलं हे?" तू चादर पिळत म्हणालीस, "मी. उकडत होतं त्याला."

का म्हणालीस गं तसं? अकरा वर्षांची होते मी, फार तर एक धपाटा बसला असता! तुझ्याशी मात्र बाबा महिनाभर कामापुरतंच बोलले. ध्रुव वाचला, पण त्याचे केस पूर्वीसारखे आलेच नाहीत. पुढचा उन्हाळा लागायच्या आत बाबांनी त्याला पहाडात बदली झालेल्या शेजारच्या मेजरकाकांबरोबर धाडून दिलं. जीप वळली तेव्हा मला रडायचाही हक्क वाटेना.

हळूहळू बाबांचा राग निवळला आणि त्याचा विनोद झाला. बारा वर्षं, दर पाहुण्यापुढे! दर वेळी तू तोंडाला पदर लावून हसायचीस. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोलले असते. की म्हणूनच बघत नव्हतीस?

हल्ली डोळा लागला की पांढरं काहीतरी पसरत जातं, बर्फ की धुकं कळत नाही, आणि त्यात तू पाठमोरी चालत असतेस. हाक मारायला जाते तर आवाज फुटत नाही.

उद्या सकाळी चहा झाला की बाबांना सगळं सांगणार आहे. ते रागावतील. महिनाभर बोलणार नाहीत कदाचित. घरात आता आम्ही दोघंच उरलोय, म्हणजे कुणीच कुणाशी बोलणार नाही. चालेल मला. या वेळी तू मध्ये पडू नकोस.

तुझी,
मनू